वाळूची पंधरा वर्षं आणि नदीकाठची गावं

खाणी आणि माणसांचे हक्क हा विषय निघाला की सूरजागड आठवतं, नाहीतर गोवा. नांदेड-लातूरकडे तशा लोखंडाच्या खाणी नाहीत. आपल्याकडची खाण म्हणजे खडी केंद्रासाठी फोडलेला काळा दगड आणि गोदावरी-मांजरेच्या पात्रातली वाळू. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला वाळू घाटावरच विचारावा लागेल. गेल्या पंधरा वर्षांचा मागोवा घेतला, तर दिसतं ते असं : वाळू कोणी विकायची हे सरकारने वारंवार बदललं, काठावरच्या माणसाच्या नुकसानीला जबाबदार कोण, हे मात्र तसंच राहिलं.

सुरुवात २०१० पासून करू. आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने त्या सप्टेंबरमध्ये राज्यातला वाळू उपसा थांबवला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. त्यानंतर कागदावर सगळं आलं : सक्शन पंप नको, रात्रीचा उपसा नको, पावसाळ्यात पात्राला हात नको, पूल आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून अंतर हवं. लिलावाआधी ग्रामसभेचं मतही हवं.

पात्रातलं चित्र वेगळं होतं. नांदेड जिल्ह्यात गोदावरीत तराफे तरंगू लागले. मजूर पाण्यात बुडी मारून तळाची वाळू वर काढतात आणि तराफ्यावर रिचवतात. हे मजूर बहुतेक परप्रांतातून आलेले. अंगावर ना जॅकेट, ना पाठीशी विमा. महसूलचं पथक येतं, तराफे जाळतं, इंजिनं जिलेटिन लावून उडवतं, पंचनामा होतो. थोड्या दिवसांत नवे तराफे येतात. जळतं ते मजुराचं साधन. ज्याच्यासाठी तो बुड्या मारतो, तो मालक काठावर नसतोच. मांजरेकाठी बिलोली तालुक्यात येसगी, सगरोळीची लाल वाळू पार सीमेपलीकडे जाते आणि बैलगाडीच्या रस्त्यावरून भरलेले हायवा धावतात. त्या रस्त्यावरची धूळ पिकावर बसते आणि शाळेला निघालेल्या पोरांच्या नाकातोंडात जाते.

वाळू म्हणजे नदीचा साठा. पावसाळ्यातलं पाणी वाळूच्या थरात मुरतं आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरतं. थर खरवडला की पात्र खोल जातं आणि विहिरीची पातळी त्याच्यामागे उतरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दुष्काळाची कारणं अनेक होती, सगळं खापर वाळूवर फोडता येणार नाही. पण पाण्याची किंमत इतकी कळलेल्या मुलखात नदीचा हा साठा ब्रासवर मोजून विकला जातो, याची बोच राहायलाच हवी.

पुढची वर्षं धोरणांची. २०१५ मध्ये वाळू तस्करांना एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आणलं. २०२३ मध्ये लिलाव बंद होऊन सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचं ठरलं. २०२५ मध्ये डेपो गुंडाळून पुन्हा ई-लिलाव आले आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूचं धोरणही आलं. घरकुलवाल्यांना मोफत वाळू ही त्यातली चांगली बाब. पण कृत्रिम वाळूमुळे नदीवरचा भार हलका झाला, तरी खडी केंद्राशेजारच्या गावावरचा वाढेल, हे आत्ताच ध्यानात घेतलं पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये उद्योगांसाठी मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. सार सोपं आहे : सरकारने हक्कांचं रक्षण करावं, उद्योगाने ते पायदळी तुडवू नयेत आणि नुकसान झालेल्याला दाद मागायला जागा असावी. मोठ्या कंपनीला निदान पाटी असते, कचेरी असते, तिच्या दारात मोर्चा नेता येतो. वाळूचा ठेकेदार घाटाची मुदत संपली की निघून जातो. खचलेला काठ, आटलेली विहीर आणि उखडलेला रस्ता गावाकडे राहतो. पात्रातल्या खड्ड्यात कुणी बुडालं, तर अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि प्रकरण मिटतं. तक्रार करणाऱ्याला मात्र त्याच गावात राहायचं असतं. जिथे तलाठ्याच्या अंगावर वाहन घालायला मागेपुढे पाहिलं जात नाही, तिथे साध्या शेतकऱ्याने कुणाच्या भरवशावर तोंड उघडावं?

म्हणून मागणं मोजकं आहे. लिलावाआधी आणि उपसा संपल्यावर काठच्या विहिरींची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. खड्डे बुजवल्याचा, रस्ता नीट केल्याचा ठराव ग्रामसभा करत नाही, तोवर ठेकेदाराची अनामत परत देऊ नका. बुडी मारणाऱ्या मजुराचं नाव हजेरीपटावर येऊ द्या. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांसाठी आहे; तो आधी या गावांच्या पाण्यावर खर्च करा. आणि नदीकाठच्या वाचकांनो, घाटाचा विषय ज्या ग्रामसभेत असेल, ती चुकवू नका. तुमच्या गैरहजेरीत झालेला ठराव तुमच्याच विहिरीवर येतो.