बाभुळगावात सावली सव्वाबाराला नाहीशी होते

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाभुळगावात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गुडूप होते. अशी ऐन मध्यान्ह झालेली असताना घड्याळात मात्र सव्वाबाराच्या आसपास वाजलेले असतात. घड्याळ बिघडलेलं नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची आहे. बाभुळगाव ७८ अंशांच्या जरासं पुढे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, त्यामुळे बाभुळगावचा सूर्य वर्षाच्या सरासरीने घड्याळाच्या सुमारे १७ मिनिटं मागे असतो.

म्हणजे घड्याळातली वेळ हा माणसांनी केलेला करार आहे. हा करार १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाला, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ १९५५पर्यंत टिकून होती!

संगणक या करारांच्या भानगडीत पडत नाही. तो फक्त सेकंद मोजतो. त्याचं शून्य जागतिक वेळेनुसार १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचला. त्याच्या हिशेबात १५ ऑगस्ट १९४७ची आपली मध्यरात्र म्हणजे उणे ७०,६३,३९,८००. हा आकडा बाभुळगावात आणि न्यू जर्सीत एकच. म्हणून जे घडून गेलं, मग ते यूपीआयने दिलेले पैसे असोत की आलेला फोन, त्याची नोंद या आकड्यात ठेवावी आणि दाखवताना तिथल्या वेळेत उलगडावी.

मला खरा अचंबा वाटतो तो या उलगडण्याचा. त्यासाठी जगातल्या घड्याळांच्या बदलांचा एक तक्ता लागतो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८६च्या सुमारास सुरू केलेला तो तक्ता आज बहुतेक फोनांत असतो. त्यात भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’, त्यामुळे बाभुळगावातला फोनही याच नावाने वेळ लावतो. वेगळी नोंद फक्त १९७०नंतर घड्याळं वेगळी चाललेल्या प्रदेशांना मिळते. म्हणून मुंबईची ती ३९ मिनिटं तिथे सापडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाचा वाढीव तास मात्र आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची घड्याळं तासभर पुढे होती. बाभुळगावात १९४३ साली घड्याळाप्रमाणे सकाळी सहाला जन्मलेल्या बाळाची वेळ आजच्या मापाने पहाटे पाचची. जुन्या पत्रिका मांडणारे ज्योतिषी हा तास वजा करतात; फोनातला तक्ताही तेच करतो.

जन्मतारखेची गोष्ट निराळी. ती क्षणाच्या आकड्यात कोंबू नये. आपल्याकडे १५ ऑगस्टची मध्यरात्र होते, तेव्हा जागतिक वेळेत १४ ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात; जरा निष्काळजी प्रोग्रॅम असला, की तो वाढदिवस एक दिवस आधी छापतो. तारखेला तास चिकटवूच नयेत.

आणि जे अजून घडायचं आहे? समजा, न्यू जर्सीतली नात दर रविवारी तिथल्या सकाळी साडेआठला बाभुळगावच्या आजीला फोन करते. उन्हाळ्यात आजीकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. कारण अमेरिका मार्चमध्ये घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेते. उद्या तिथल्या सरकारने हा नियमच मोडीत काढला, तर आधीच काढून ठेवलेल्या आकड्यांपैकी उन्हाळ्याचे किंवा हिवाळ्याचे आकडे तासाने चुकतील. सामोआने तर ३० डिसेंबर २०११ हा अख्खा दिवस कॅलेंडरमधून वगळला, आणि तो निर्णय जाहीर झाला त्याच वर्षी. म्हणून पुढच्या भेटीसाठी ‘रविवार, सकाळी साडेआठ, न्यू जर्सी’ एवढंच जपून ठेवायचं. सेकंदांचा आकडा तो रविवार जवळ आला की ताज्या तक्त्यावरून काढायचा.