दादाचं कासव

पीटर हॅचर न्यूयॉर्कमध्ये राहतो, चौथीत शिकतो. मित्राच्या वाढदिवसाला बक्षीस मिळालेलं इवलंसं कासव त्यानं जिवापाड जपलंय. एक दिवस तो शाळेतून येतो तर भांडं रिकामं! त्याच्या धाकट्या भावानं, तीन वर्षांच्या फजनं, कासव अख्खंच्या अख्खं गिळलंय. मग अ‍ॅम्ब्युलन्स, दवाखाना, डॉक्टर. फजभोवती सगळं घर गोळा होतं, त्याच्यासाठी भेटवस्तूंचा ढीग लागतो. पण कासव कोणाचं गेलं, हे पीटरला कुणी विचारतही नाही.

ज्युडी ब्लूम या अमेरिकी लेखिकेचं ‘टेल्स ऑफ अ फोर्थ ग्रेड नथिंग’ १९७२ साली आलं. हा प्रसंग निव्वळ कल्पनेतला नाही. एका लहानग्यानं पाळीव कासव गिळल्याची बातमी त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी त्यांना आणून दाखवली आणि गोष्टीला तिथून सुरुवात झाली. फजचा स्वभाव लेखिकेनं स्वतःच्या मुलावरून घेतला. पुढे १९७५ मध्ये अमेरिकी सरकारनं चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. अशा कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होत होता आणि मुलं ती सर्रास तोंडात घालत होती. मुलाच्या तोंडात काय मावतं, याचा विचार सरकारी नियमात व्हावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

पीटर-फजची ही गोष्ट ब्लूम यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आहे. घरातल्या चौघांनी मिळून ती ऐकली, की एक चमत्कार घडतो. छापील पानावर डोळा पुढे पळतो, विनोदाचा शेवट आधीच दिसून जातो, शिवाय प्रत्येकाचा वाचायचा वेग वेगळा. ऑडिओबुकमध्ये पुढे डोकावता येत नाही. बाबा, आई, दहा वर्षांची ताई आणि सहा वर्षांचा धाकटा, सगळे एकाच क्षणी त्याच शब्दावर येतात. वाचणाऱ्या बाईंनी जरासा श्वास रोखला, की ऐकणारे चौघंही थांबतात. पुढचा शब्द पडतो आणि हशा एकदमच फुटतो.

हसणं मुळातच सोबतीचं आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकानं लोकांना आपल्या हसण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या. टीव्ही-पुस्तकांसारखं करमणुकीचं काही जवळ नसताना माणसं एकटी असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतात, असं त्यातून दिसलं. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१० साली याहून नवलाची गोष्ट हाती लागली. गोष्ट सांगणारीच्या आणि ती ऐकणाऱ्यांच्या मेंदूंची एमआरआय यंत्रात तपासणी केली, तेव्हा सांगणारीच्या मेंदूतली हालचाल थोड्या वेळानं ऐकणाऱ्यांच्या मेंदूत उमटताना दिसली. काही भागांत तर ऐकणाऱ्याचा मेंदू एक पाऊल पुढेच होता, म्हणजे आता काय येणार याचा अंदाज बांधत होता. न कळणाऱ्या भाषेत गोष्ट ऐकवली, तर मात्र हे नातं जुळत नव्हतं.

पण भावंडांची भांडणंच इतकी का हसवतात? इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग आठवतो. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणतं, दुसऱ्या कपाटात. आपल्याला ठाऊक असलेलं समोरच्याला ठाऊक नसू शकतं, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. ती समज साधारण चार-पाच वर्षांपर्यंत येते. जोसेफ पर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की भावंडं असलेल्या मुलांना हे कोडं लवकर सुटतं. ज्याच्या हातून खेळणं रोज हिसकावलं जातं, ज्याला आईकडे रोज वकिली करावी लागते, त्याला दुसऱ्याच्या मनात शिरायचा सराव आपसूकच होतो. पीटर रिकाम्या भांड्याशी उभा असतो तेव्हा ऐकणाऱ्या मुलांच्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकलेली असते. पीटरच्या आधी आपल्याला कळलं, यातच तर सगळी मजा आहे.

ही चुरस माणसापुरती नाही. आपल्या शेतात नांगरामागे, गुरांमागे फिरणारा गायबगळा बघा. त्याची मादी दिवसाआड अंडी घालते आणि सगळी अंडी घालून होण्याआधीच उबवायला बसते, त्यामुळे थोरलं पिल्लू आधी बाहेर येतं. ते धाकट्याला चोचीनं बदडून घास पळवतं आणि अन्न कमी पडलं तर धाकटं मरतंही. १९९७ साली संशोधकांना आढळलं, की मादी पहिल्या अंड्यांच्या बलकात आक्रमकता वाढवणारी संप्रेरकं शेवटच्या अंड्यापेक्षा जास्त घालते. म्हणजे पिल्लू जन्माला येण्याआधीच आईनं पारडं एका बाजूला झुकवलेलं असतं! घरट्यात मारामारी होते तेव्हा आईबाप मध्ये पडत नाहीत. मला तर हे वाचल्यापासून बगळा दिसला की घरटं आठवतं.

माणसाच्या घरट्यात मात्र पारडं हलवता येतं. ब्लूम यांच्या याच मालिकेतल्या ‘सुपरफज’ (१९८०) या पुस्तकात फजच आता दादा झाला आहे आणि त्याला बहीण नकोशी आहे. दुकानात वस्तूंच्या बदल्यात चालणारी तिकिटं तो तिच्या अंगभर चिकटवतो, का, तर तिच्या बदल्यात सायकल मिळावी म्हणून. ऐकणाऱ्या थोरल्या मुलाला इथे आपलं गुपित उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि धाकट्याला पहिल्यांदाच थोरल्याचं दुःख ऐकू येतं.

ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिज परिसरातल्या चाळीस कुटुंबांत जाऊन दुसऱ्या बाळाच्या आगमनानंतरचे दिवस टिपले होते. बाळाला काय हवंय, त्याला काय वाटत असेल, असं ज्या आया थोरल्याशी बोलत, तिथली भावंडं पुढे एकमेकांशी जास्त प्रेमानं वागताना दिसली.

तेव्हा पुढच्या लांबच्या प्रवासात मुलांच्या कानात वेगवेगळे इयरफोन घालू नका. एकच स्पीकर लावा आणि सगळे मिळून ऐका. कासव गेल्यावर मध्येच थांबवून विचारा, पीटरला काय वाटलं असेल? उत्तर आधी धाकट्याला देऊ द्या.