मुलाखत झाली, उत्तर नाही. विचारावं की वाट पाहावी?

रेशनचा तांदूळ दोन महिने आला नाही तर तुम्ही काय करता? दुकानदाराला विचारता. तो उडवाउडवी करू लागला तर शिधावाटप कार्यालय गाठता, आणि खिडकीपाशी उभं राहून "अहो, आमच्या कार्डाचं काय झालं?" असं विचारताना तुमचा आवाज जराही कापत नाही. मुलाचा शाळेचा दाखला, सासऱ्यांच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, म्हाडाकडची पात्रतेची कागदपत्रं, गॅसचा नंबर... घरात या सगळ्यांचा पाठपुरावा कोण करतं? आपणच. मग हीच बाई नोकरीसाठी मुलाखत देऊन आली की तीन-तीन आठवडे मुकाट्याने फोनकडे बघत का बसते बरं?

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "परत फोन केला तर काय म्हणतील? फारच गरजू दिसतेय म्हणतील!" मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे नोकरी शोधणाऱ्या मैत्रिणी माझ्याकडे अर्ज तपासायला येतात. त्यांतल्या बहुतेकींच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेलं आहे. लग्नानंतर आठ-दहा वर्षं घरी काढलेल्या, मुलं जरा हाताबाहेर झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या या बायका. मुलाखतीचा दिवस धीराने पार पाडतात आणि नंतर गप्प बसतात.

आमच्या वरळीत या भीतीला जुना इतिहास आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत इथे १२१ चाळी बांधल्या. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. गिरणी कामगारांची शेकडो बिऱ्हाडं त्यांत राहिली. गिरणीत कायम होण्याआधी माणूस 'बदली' असे. म्हणजे पाळी सुरू होण्याच्या वेळेला रोज गिरणीच्या दारात हजर राहायचं. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत. कुणाला आत घ्यायचं हे एके काळी जॉबरच्या मर्जीवर असे, आणि त्याचे हात ओले करावे लागत, हे १९३१ सालच्या मजूर आयोगाच्या अहवालातही नमूद आहे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या पुष्कळांना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. तेव्हा सासूबाई "बोलावतील तेव्हा जा गं, त्यांच्या दारात जाऊन उभी राहू नकोस" असं म्हणतात ना, त्यामागे हे सगळं पाहिलेलं असतं. त्यांच्यावर रागावू नका.

पण तुमची गोष्ट निराळी आहे. तुम्हाला त्यांनी स्वतः बोलावलं, अर्धा तास प्रश्न विचारले, प्रमाणपत्रं पाहिली, "कळवतो" म्हणाले. त्या "कळवतो"चं काय झालं एवढंच विचारायचं आहे. शिंप्याकडे ब्लाऊज टाकल्यावर ठरल्या दिवशी आपण जातोच की!

आता विचारायचं कसं? खरी तयारी मुलाखतीच्या खोलीतच करायची असते. उठताना हसून एवढंच म्हणा, "साधारण कधीपर्यंत कळेल? आणि चौकशी करायची झाली तर कोणाकडे करू?" ही दोन उत्तरं मिळाली की अर्धी धाकधूक गेली. नाव आणि तारीख बाहेर आल्या आल्या लिहून ठेवा. घरी पोचेपर्यंत भाजी, दूध आणि मुलांच्या क्लासच्या गडबडीत नाव हमखास विसरतं.

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चार ओळींचं आभाराचं पत्र धाडावं. ऑफिस असेल तर ई-मेल, लहान शाळा असेल तर व्हॉट्सॲपही चालतं. पण त्यांनी स्वतःहून तो नंबर दिला असेल तरच. फुलांची चित्रं आणि सुप्रभात त्यात नको. मजकूर असा असावा:

"आदरणीय बाई, काल मुलाखतीसाठी वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. पाचवी-सहावीच्या मराठीच्या तासांबद्दल आपण जे सांगितलंत त्यावरून काम नीट समजलं आणि ते करायला मला आवडेल. आपण महिनाअखेरपर्यंत कळवू म्हणालात, तोवर वाट पाहते. आणखी काही कागदपत्रं हवी असल्यास कळवावे."

बस्स. मुलाखतीत झालेल्या बोलण्यातली एखादी नेमकी गोष्ट त्यात हवी, म्हणजे तुम्ही कोण ते त्यांना आठवतं. एका दिवसात दहा-बारा जणी येऊन गेलेल्या असतात, हो.

सांगितलेली तारीख उलटली की आणखी दोन दिवस जाऊ द्या आणि मग फोन करा. तारीख दिलीच नसेल तर आठ-दहा दिवस थांबावं. वेळ सकाळी अकरा ते साडेबारा किंवा दुपारी तीन-चारची. सोमवारी सकाळी साहेबलोकांची डोकी तापलेली असतात, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी धड बोलत नाही. कुकरच्या शिट्ट्या होताना, मूल रडताना फोन लावू नका. जिन्यात जा, गच्चीवर जा. "नमस्कार, मी अमकी. बारा तारखेला हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखत झाली होती. निर्णय झाला आहे का, की अजून काही दिवस लागतील?" एवढं बोलून थांबा. पुढचं त्यांना बोलू द्या. ती शांतता भरून काढायला आपण जे बोलतो ना, तिथेच घोटाळा होतो.

कारण लाचारी दिसते ती या असल्या वाक्यांतून: "फार गरज आहे हो", "मिस्टरांचं काम सुटलंय", "काहीही काम द्या". हे सगळं खरं असेलही. पण समोरच्या बाईच्या हातात त्यावर काही उपाय नसतो, ती फक्त अवघडते. आणि "पगार थोडा कमी दिलात तरी चालेल" हे वाक्य तर जिभेवर येऊच देऊ नका. नोकरी मिळाली तरी ते वाक्य वर्षानुवर्षं तुमच्या पगारपत्रकात जाऊन बसतं.

पहिल्या फोनला "अजून ठरलं नाही" असं उत्तर आलं तर आठवडा-दहा दिवसांनी दुसरी चौकशी. त्यानंतर एक शेवटचं लेखी पत्र आणि मग थांबायचं. चौथ्या वेळेला मी तरी मनाई करीन. या दिवसांत दुसरीकडे अर्ज करणं मात्र बंद ठेवायचं नाही.

आमच्याच मजल्यावरच्या दोघींची उदाहरणं सांगते. एकीने लोअर परळच्या एका ऑफिसात मुलाखत दिली. जुनी गिरणी पाडून काचेची इमारत झालेली, चाळीपासून चालत पोचावं इतकी जवळ. संकोचापायी तिने तीन आठवडे विचारलं नाही. शेवटी नवऱ्याने फोन लावायला लावला, तर कळलं की निवडीची ई-मेल केव्हाच येऊन पडली होती, नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात, आणि उत्तर नाही म्हणून जागा दुसरीला गेली. दुसरीने एका विनाअनुदानित शाळेत नमुना पाठ दिला, वेळेवर विचारलं, नकार आला. तिने "हरकत नाही, पुढे जागा निघाली तर जरूर कळवा" असं म्हणून आभार मानले. शाळा जूनमध्ये सुरू झाली, आणि जुलैत एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा बाईंनी हिलाच बोलावलं. आज ती कायम आहे.

फोन कुणी करायचा याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे मिस्टरांना किंवा दिरांना फोन करायला लावतात. तसं करू नका. नोकरी तुम्ही करणार, मग आवाजही तुमचाच हवा. शाखेतून किंवा नगरसेवकाकडून चिठ्ठी नेणं हा आमच्या भागातला आणखी एक रिवाज. चिठ्ठीने कधी काम होतही असेल, पण खाजगी ऑफिसात तिने बहुधा नाराजीच पदरी पडते, आणि झालंच काम तर आयुष्यभर उपकार.

सगळीकडे फोनचा उपयोग नसतो, हेही लक्षात घ्या. अनुदानित शाळांतल्या शिक्षकभरतीची प्रक्रिया आता पवित्र पोर्टलवरून चालते. तिथली यादी पोर्टलवरच पाहायची, मुख्याध्यापिकेला भंडावून सोडण्यात अर्थ नाही. सरकारी किंवा महापालिकेच्या जागेचा निकाल रखडला, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. दहा रुपये शुल्काचा साधा अर्ज. आणि उत्तर तीस दिवसांत देणं त्यांच्यावर बंधनकारक. अर्ज लिहिणं तुमच्या हातचा मळ आहे, रेशनकार्डाने आपल्याला तेवढं शिकवलेलं आहे! आणि उलट तिकडूनच फोन आला, "निवड झाली, पण आधी डिपॉझिट भरा," तर सरळ फोन ठेवून द्या. चांगला मालक पगार देतो, मागत नाही.

शेजाऱ्यांचं काय? आमच्या चाळीत मधला पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. तुम्ही इस्त्रीची साडी नेसून फाईल घेऊन निघालात की संध्याकाळपर्यंत साऱ्या मजल्याला ठाऊक. "झालं का गं तुझं?" हा प्रश्न रोज दहादा ऐकून माणूस हैराण होतो, आणि त्या वैतागात भलत्या वेळी फोन केला जातो. मी मैत्रिणींना सांगते, "महिन्याने कळणार आहे" असं सर्वांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. घरी सासूबाईंना मात्र खरी तारीख सांगा, म्हणजे त्या दिवशी नातवंडांना त्या सांभाळतील.

आणखी एक गोष्ट खास आमच्या वरळी-नायगाव-ना. म. जोशी मार्गवाल्या भगिनींसाठी. पुनर्विकासात कुणी संक्रमण शिबिरात गेलं, कुणी भाड्याने, आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ ला मिळाल्या. पण अर्जावर अनेकींचा पत्ता अजून जुन्या चाळीचा असतो. काही संस्था नेमणुकीचं पत्र आजही टपालानेच धाडतात. पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर ते पत्र गेलं तर पोस्टमन तरी काय करणार? मुलाखतीनंतरच्या आभारपत्रातच खाली नवा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहा, एक तुमचा आणि एक घरात दिवसभर असणाऱ्या माणसाचा. शिवाय टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा लेखी अर्ज आपल्या जुन्या पोस्टात देता येतो. तो या आठवड्यातच देऊन टाका, मुलाखत अजून ठरली नसली तरी.