विश्लेषण : मोसंबीचीही वाइन होते, मग भोकरदनमध्ये वायनरी का नाही?

भोकरदन : मोसंबीचे भाव पडले की बांधावर एक प्रश्न हमखास निघतो. नाशिकच्या द्राक्षांची वाइन होते, तर आपल्या मोसंबीची का नाही? जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. तरीही बहुतांश माल ताजे फळ म्हणूनच बाजारात जातो. त्यात घरगुती वाइनचे यूट्यूब व्हिडिओ पाहिले की धंदा सोपा वाटू लागतो. रस आंबवणे खरेच फार अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे सगळे.

रसाची वाइन कशी होते?

यीस्ट रसातील साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. रसाची गोडी ‘ब्रिक्स’मध्ये मोजतात. एका ब्रिक्समागे साधारण ०.५५ टक्के अल्कोहोल मिळते. वाइनच्या द्राक्षात २२च्या आसपास ब्रिक्स असते, मोसंबीच्या रसात जेमतेम १०. म्हणजे नुसत्या रसातून पाच-साडेपाच टक्केच अल्कोहोल येते आणि अशी वाइन टिकत नाही. २२ ब्रिक्स गाठायला दहा किलो रसात सुमारे दीड किलो साखर घालावी लागते.

मोसंबीचीच अडचण काय?

कडवटपणा. ताजा रस गोड लागतो, पण ठेवला की कडू होत जातो. बिया आणि सालीखालच्या पांढऱ्या भागातून तयार होणारे ‘लिमोनिन’ हे त्याचे कारण. आंबवताना साखर संपते आणि हा कडूपणा झाकायला काही उरत नाही. गळलेली, बुरशी लागलेली फळे वापरली तर चव आणखी बिघडते. त्यामुळे ‘फेकायच्या मालाची वाइन’ हे गणित जुळत नाही.

घरच्या घरी केली तर चालते का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. कायद्याच्या लेखी वाइनही मद्यच. धोका वेगळाच. एक किलो साखर आंबली की सुमारे अडीचशे लिटर वायू सुटतो. घट्ट बूच लावलेली काचेची बाटली त्या दाबाने फुटू शकते.

वायनरीसाठी काय लागते?

राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. राज्यात बिअर व वाइन निर्मितीचे नियम १९६६ पासून आहेत. त्याशिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) मद्यविषयक मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण आणि आरोग्याचा इशारा द्यावाच लागतो. वाइन २० ते २५ अंशांत आंबवतात. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून थंड ठेवता येणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि अखंड वीज हवी.

विकायची कुठे?

वाइन शॉप, परमिट रूम, हॉटेल. सगळीकडे परवाना लागतो आणि मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे. सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, पण विरोधामुळे अंमलबजावणी अडली.

द्राक्ष वाइनला २००१ च्या राज्य धोरणाचा आणि विंचूर, पलूस येथील वाइन पार्कचा आधार मिळाला. इतर फळांच्या वाटेला तसे पाठबळ आले नाही. तरी पुण्याजवळची ‘रिदम’ वायनरी अननस, स्ट्रॉबेरी, किवीची वाइन बनवते. केरळने तर २०२२ मध्ये फळांच्या छोट्या वायनरींसाठी स्वतंत्र नियमच केले.

शेतकऱ्याच्या पदरात किती?

ढोबळ हिशेब असा : एक टन मोसंबीतून साधारण ४०० लिटर रस निघतो. गाळ वगैरे वजा जाता ७५० मिलिलिटरच्या सुमारे ४५० बाटल्या भरतात. वर्षाला ४५ हजार बाटल्या विकणारी वायनरीही जेमतेम १०० टन फळ घेईल. हेक्टरी १० ते १५ टन उत्पादन धरले, तर हा सुमारे १६ ते २५ एकरांचाच माल झाला. म्हणजे वायनरी काही बागायतदारांना हमखास गिऱ्हाईक देईल, पण पडलेला भाव सावरणार नाही.

मग सुरुवात कुठून?

बाटलीपासून नव्हे, रसापासून. कडूपणा काढण्याचे तंत्र जमले, तर रस आणि स्क्वॉशही विकता येतात आणि त्यांना मद्य परवाना लागत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या ‘पीएमएफएमई’ योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. परभणी कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र जिल्ह्यातच, बदनापूरला आहे. अन्नतंत्र महाविद्यालय परभणीत आहे. कर्ज काढून टाक्या घेण्याआधी या दोन ठिकाणी एक चक्कर मारलेली बरी.