अजिंठ्याच्या भिंतीवरचे हत्ती

रानातल्या जनावराचे हुबेहूब चित्र काढणे मोठे अवघड काम. जनावर काही आपल्यापुढे गप्प उभे राहत नाही! पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात असे चित्र काढणारे कलावंत होऊन गेले. त्यांचे हत्ती अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात आहेत.

हे चित्र एका जातककथेचे आहे. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींना जातककथा म्हणतात. छद्दंत नावाचा सहा सुळ्यांचा हत्ती आपल्या कळपासह हिमालयाच्या रानात राहत होता. त्याच्या एका राणीला मत्सर वाटला. ती झुरून मेली आणि पुढच्या जन्मी काशीच्या राजाची राणी झाली. तिने छद्दंताचे सुळे आणायला पारधी पाठवला. बाण लागला तरी छद्दंताने त्याला मारले नाही. उलट सुळे कापायला मदतच केली. ते सुळे पाहून राणीला पस्तावा झाला आणि तिने प्राण सोडला.

सहा सुळे ही झाली कल्पना. पण चित्रातले हत्ती मात्र अगदी खरे वाटतात. अंगाचा भार, सोंडेचे वळण, कळपाची दाटी, सारे कसे पाहून काढलेले!

आता हे चित्र काढले कसे, ते पाहू. आधी खडकावर माती, भाताचा तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा दिला. त्यावर पांढरा पातळ हात दिला. तो वाळल्यावर रंग भरले. रंग बाजारचे नव्हते बरं का! लाल रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा आणि काळा काजळीचा.

पुढे लेणी ओस पडली, रान वाढले. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता त्याला हे लेणे दिसले. आत जाऊन त्याने काय केले? खांबावरच्या चित्रावर आपले नाव कोरले! मागाहून आलेल्या कित्येकांनीही तेच केले. गिलाव्यावर ओरखडा पडला की त्याबरोबर रंगही जातो. तो परत येत नाही. मेजर गिल यांनी वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा लंडनला 1866 च्या आगीत जळाल्या. म्हणून भिंतीवरचे मूळ चित्र जपणे फार महत्त्वाचे.

अजिंठा आपल्याला लांब पडतो. पण कासारवाडी स्टेशनात लोणावळ्याची लोकल धरली की मळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहता येतात. तिथेही दगडात कोरलेला एक हत्ती आहे. त्याने सोंडेने झाड उपटून धरले आहे. सहलीला गेलात तर तो जरूर पाहा. वहीत त्याचे चित्र काढा आणि आपले नाव त्या चित्राखाली लिहा. भिंतीवर मात्र नको!