तोल कुठे जातो? साठ वर्षांचा मागोवा

म्हातारं माणूस पडलं की घरात कारण तयार असतं: लादी ओली होती, पायपुसणं सरकलं, नाहीतर ‘वय झालं आता’. वैद्यकशास्त्रही बराच काळ याच्या फारसं पुढे गेलं नव्हतं. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉ. जे. एच. शेल्डन मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. १९६० साली त्यांनी २०२ वृद्धांच्या तब्बल ५०० पडण्यांची छाननी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. बरीच पडणी जिन्यावरची होती, पण कितीतरी वेळा वाटेत काहीच आडवं आलेलं नव्हतं. मग त्यांनी स्थिर उभ्या माणसाचं डोलणं मोजलं. लहान मुलं खूप डोलतात, तरुणपणी ते कमी होतं आणि उतारवयात पुन्हा वाढतं, असं दिसलं. कारणांचा शोध लादीवरून शरीराकडे वळला तो असा.

डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतून येणारी जाणीव यांची जुळणी मेंदू सतत करत असतो. वयाबरोबर नसांतून निरोप जायला उशीर लागतो, आणि झटकन आकसणारे स्नायूतंतू सगळ्यांत आधी रोडावतात. ठेच सगळ्यांनाच लागते. सावरायला दुसरं पाऊल वेळेत पडलं नाही की माणूस पडतो. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर धोका आणखी वाढतो.

हे ऱ्हासाचं चित्र बॉस्टनमध्ये १९९० साली हललं. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलायला लावलं. व्यायाम पुरा करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. नव्वदीतला स्नायू शिकतो, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं.

१९९७ मध्ये स्वीडनच्या उमेओमधली पाहणी तर अगदी साधी. सोबत चालताना वृद्धांशी बोलायला सुरुवात करायची आणि कोण थांबतं ते बघायचं. ५८ पैकी १२ जण थांबले, आणि त्यांतले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्यांची चाल आपसूक राहत नाही, त्यांना बोलणं आणि चालणं एकदम झेपत नाही.

त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या चमूने ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रियांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन पायाला वजन बांधून करायचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. वर्षभरात त्या ८८ वेळा पडल्या, उरलेल्या १५२ वेळा.

वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या पाहिल्या, तेव्हा व्यायामाने पडणी सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. आपल्याकडच्या प्रत्येक आजी-आजोबांपर्यंत पोचायला हवी अशी गोष्ट यात आहे: नुसत्या चालण्याचा भरवशाचा पुरावा त्यात नाही. सकाळी बागेत मारलेल्या फेऱ्या हृदयाला आणि साखरेला उत्तम, त्या सोडायच्या नाहीत. पण तोलासाठी एका पायावर उभं राहणं, टाचेला बोटं लावत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं लागतं. ओट्याला धरून हे घरातही होतं, मात्र ड्युनेडिनसारखं आधी कुणीतरी जवळ उभं राहून शिकवावं लागतं.