हिरव्या पानातला लाल प्रकाश

वसई-विरारकडच्या वाड्यांतून केळी आणि पानवेलींची हिरवाई आपण नेहमी पाहतो. पण उन्हातल्या या हिरव्या पानांतून अगदी मंद असा लाल प्रकाशही बाहेर पडत असतो, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? मग हा प्रयोग करून पाहा.

पालकाची चार-पाच पाने ठेचून थोड्या स्पिरिटमध्ये दहा मिनिटे भिजत ठेवा व द्रव गाळून काचेच्या पेल्यात घ्या. (स्पिरिट चटकन पेट घेते. प्रयोग विस्तवापासून दूर व शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.) अंधाऱ्या खोलीत पेल्यावर प्रखर विजेरी रोखा. पलीकडून पाहिल्यास द्रव हिरवा दिसेल. विजेरीच्या बाजूने पाहिल्यास मात्र तांबडी आभा दिसेल! प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देण्याच्या या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. त्याचे 'फ्लुओरेसन्स' हे इंग्रजी नाव स्टोक्स यांनी १८५२ साली दिले.

पानातील हरितद्रव्याच्या रेणूत एक कडे असते. त्यातील चार नायट्रोजन अणूंनी मधोमध मॅग्नेशियमचा अणू धरून ठेवलेला असतो. धातूला असे धरणारा रेणू म्हणजे लिगँड आणि दोघांचे मिळून होते ते जटिल संयुग. निळा प्रकाश शोषला की कड्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते आणि उरलेली, खाली येताना, लाल प्रकाश होऊन बाहेर पडते.

आता धातू बदलला तर? आपल्या रक्तात याच घराण्यातले कडे आहे, पण मध्यभागी लोह आहे. तेथे अशी चमक जवळजवळ नसते. हरितद्रव्यात मॅग्नेशियमऐवजी तांबे बसवले तर हिरवा रंग अधिक टिकतो, पण लाल प्रकाश मात्र विझतो! कारण लोह व तांबे यांच्या अणूंतील एक कवच अपुरे भरलेले असते. त्या वाटेने ऊर्जा निसटते व तिची उष्णता होते. मॅग्नेशियममध्ये अशी पळवाट नाही.

सगळेच धातू प्रकाश विझवतात असे मात्र नाही. १९८७ साली टँग व व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियमच्या जटिल संयुगातून विजेच्या साह्याने हिरवा प्रकाश मिळवला. आजच्या अनेक मोबाइलच्या पडद्यांत इरिडियमची जटिल संयुगे असतात. इरिडियमचा जड अणू एरवी वाया जाणारी ऊर्जाही प्रकाशात उतरवतो.

शेवटी एक प्रश्न. स्पिरिटमधील हरितद्रव्य चमकते, मग झाडावरचे पान तसे का दिसत नाही? कारण जिवंत पानात ही ऊर्जा अन्न तयार करण्याच्या कामी लागते. शेकडा एक-दोन भागच लाल प्रकाश होऊन बाहेर पडतात. पाण्याचा ताण पडला की हे प्रमाण बदलते. म्हणूनच हा प्रकाश उपकरणांनी मोजून, पान कोमेजण्याआधीच पिकाची तब्येत ओळखता येते.